वळचणीचं पाणी

मार्चमधल्या एका सकाळी आउनेबाईंचा फोन.
"लूसियन, माझ्या माळ्यावर पाऊस पडतोय.
बाहेर ऊन आहे. लख्ख."

मी छपरं दुरुस्त करतो, सरोवरकाठच्या या गावात,
जिथं हिम खिडकीच्या चौकटीपर्यंत चढतं
आणि एप्रिलशिवाय उतरायचं नाव घेत नाही.
अशा फोनांना मी आता हसत नाही.

शिडी, टॉर्च, झडप.
वर प्रत्येक खिळ्याच्या टोकाला
पांढरी दाढी फुटलेली,
आणि त्या दाढ्यांमधून ठिबकत होता
आख्खा हिवाळा :
तळघरातल्या सौनाची शनिवारची वाफ,
मटारच्या सूपची, वाळत घातलेल्या चादरींची,
झोपेतल्या दोन माणसांच्या श्वासांची.
डिसेंबरनंतर एकाच्याच.

जे खालून वर गेलं
ते तिथंच थबकलं, गोठलं,
आणि सूर्य दिसताच
आल्या वाटेनं परत निघालं.
वाशांवर बुरशीचे काळे तळहात.
तक्तपोशीवर, बिछान्याच्या बरोबर वर,
चहाच्या रंगाचा एक डाग.

बाहेर तर आणखी तमाशा.
पागोळ्या माणसाएवढ्या, भाल्यासारख्या,
आणि त्यांच्या मागे बर्फाचा हातभर बांध.
आढ्याचं पाणी वळचणीला, ही जगाची रीत.
इथं ते वळचणीला अडलं होतं
आणि शिंगल्सच्या खालून, चोरासारखं,
आढ्याकडे परत चढू लागलं होतं.

पोटावर सरपटत मी कडेपर्यंत गेलो.
हवेच्या खाचा, एकूण बावीस.
एकही उघडी नाही.
लोकरीचे मोजे, एक लहान मुलाचा कोट,
सत्त्याऐंशी सालच्या वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या,
वरून टेप, कडा कशा सरळ कापलेल्या.
शाळेत शिपाई होता वेइक्को.
त्याचं कुठलंच काम कधी अर्धवट नसे.

"तो म्हणायचा," बाई शिडीखालून बोलल्या,
"पैसे जाळून घर तापवायचं
आणि वर भोकं कशाला ठेवायची?"

आता याला काय सांगणार?
निम्मं गाव हेच म्हणतं.
मी म्हटलं, घर उबदार असावं, बाई,
छप्पर मात्र गारच बरं.
वळचणीतून वारा आत यावा,
आढ्यातून बाहेर जावा,
वाटेत ओल उचलून न्यावी.
आणि ऊब? ती खालीच अडवायची,
तक्तपोशीवर जाड गादी टाकून.
खाचांमध्ये नव्हे.

त्या बराच वेळ गप्प.
मग :
"म्हणजे त्यानं जपलं, आणि तेच कुजलं."

मी छपरांचा माणूस.
मी टेप सोलत राहिलो.

दुपारपर्यंत पोतं भरलं.
त्यांनी मोजे ओट्यावर मांडले,
जोड्या लावल्या. एकाला जोडी नव्हती.
"हे मीच विणले होते," एवढंच म्हणाल्या.
आणि मी शेवटच्या खाचेकडे वळताना :
"ती एक राहू दे, लूसियन. बिछान्यापाशी आहे ती."

नियमात हे बसत नाही.
पण बावीसपैकी एक;
वाऱ्याचा हिशेब
इतका कंजूस नसतो.

आढ्यावर लांब फट कापली, वर टोपण बसवलं.
सौनाचा नळकांडा पंखा छपरातून बाहेर काढला;
आजवर तो माळ्यातच फुंकत होता.
कुजलेले तीन वासे बदलले, बिल दिलं,
त्यांनी वेलदोड्याची पोळी बांधून दिली.

पुढच्या जानेवारीत त्या गल्लीतून गेलो.
शेजारची छपरं ठिकठिकाणी उघडी, काळी, गळती.
आउनेबाईंचं पांढरं, आढ्यापासून वळचणीपर्यंत,
जसं पडलं तसंच.

मार्चमध्ये फोन वाजला.
"लूसियन, काही पडत नाहीये."
"मग?"
"मग काही नाही. सांगितलं."
आणि पलीकडे बराच वेळ
रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला नाही.